तिरंदाज मागे, बुरूज पुढे : मोबाईलमधल्या पत्त्यांच्या खेळातलं गणित



मधल्या सुट्टीत चौथी-पाचवीची लेकरं डबा खाताना काय बोलतात, ते कधी कान देऊन ऐकलंय का? "तुझा टँक मेला की तुझे आर्चर वाया", "माझा फर्स्ट अटॅक, माझा स्पीड जास्त". आपल्याला वाटतं हे मोबाईलचं वेड. वेड आहेच, ते मी नाकारत नाही. पण या दोन वाक्यांत क्रम, तुलना, वजाबाकी आणि शक्यता अशा चार गोष्टी आहेत, आणि याच चार गोष्टी शिकवायला आपण वर्षभर घसा कोरडा करतो. तेव्हा आजच्या लेखात हा खेळ नेमका चालतो कसा, आणि त्यात लांबून मारा करणाऱ्यांची जिंकणारी फळी कशी बसवतात, ते समजून घेऊ. खेळ कळला की मुलाशी बोलता येतं. "ठेव तो मोबाईल" याच्या पलीकडचं एखादं वाक्य तरी आपल्याकडे येतं.

आधी थोडी ओळख. आपल्यापैकी जे आज तिशी-चाळिशीत आहेत, त्यांनी लहानपणी कुस्तीगिरांचे ट्रम्प कार्ड खेळलेले आहेत. उंची, वजन, छाती, रँक. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. त्याच्याच पुढची पायरी म्हणजे ट्रेडिंग कार्डचा खेळ. प्रत्येकाने आपापले पत्ते जमवायचे, अदलाबदल करायची, आणि त्यातून निवडून स्वतःचा संच बांधायचा. या प्रकाराची सुरुवात १९९३ साली अमेरिकेत 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाने झाली. तो बनवणारा रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा माणूस, गणितातली पीएच.डी. असलेला. पुढे १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनचे पत्ते आले, २०१४ मध्ये 'हर्थस्टोन' आला आणि पत्ते कागदावरून स्क्रीनवर गेले. २०१८ मध्ये सुरू झालेला 'स्प्लिंटरलँड्स' हा त्यातलाच एक. (सुरुवातीला त्याचं नाव 'स्टीम मॉन्स्टर्स' होतं.)

मी या लेखासाठी स्प्लिंटरलँड्सच घेतला आहे, आणि त्याला कारण आहे. त्यात लांबून मारणाऱ्यांसाठी एक इतका स्वच्छ नियम आहे की तो पाचवीच्या वर्गात दोन मिनिटांत समजतो आणि त्यातून तासभर पुरेल इतकं गणित निघतं. मुलांनी त्यात खातं काढून खेळावं असं मी मुळीच म्हणत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलणार आहे.

खेळाचे नियम, अगदी थोडक्यात

दोन खेळाडू. प्रत्येकाचा एक म्होरक्या, आणि त्याच्या मागे एका ओळीत जास्तीत जास्त सहा योद्धे. ओळ म्हणजे अगदी आपल्या प्रार्थनेच्या रांगेसारखी: पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम ठरलेला. प्रत्येक पत्त्याची एक किंमत असते, तिला 'माना' म्हणतात. सामन्याआधी सांगितलं जातं की आज इतक्या मानाच्या आतच संच बसवायचा. म्हणजे हे घरखर्चाचं बजेटच झालं. पाव किलो बदाम घेतले तर डाळीला पैसे उरत नाहीत.

योद्ध्याच्या पत्त्यावर मानाशिवाय चार आकडे असतात: मारा, वेग, चिलखत आणि जीव. मारा तीन प्रकारचा. पहिला हातघाईचा. असा योद्धा साधारणपणे ओळीत पहिला असेल तरच मारू शकतो, कारण त्याला शत्रूच्या अंगाला भिडावं लागतं. दुसरा जादूचा. तो कुठूनही मारतो, आणि चिलखत ओलांडून थेट जिवाला लागतो. तिसरा लांबून मारणारा, म्हणजे आपला तिरंदाज. तो कुठूनही मारतो, पण पहिल्या जागेवरून नाही! समोर शत्रू येऊन उभा राहिला तर धनुष्य ताणायला जागाच राहत नाही, असा त्यामागचा विचार.

खास कौशल्य नसेल तर सगळेजण समोरच्या ओळीतल्या पहिल्यालाच मारतात. आपला पहिला पडला की सगळी रांग एक पाऊल पुढे सरकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा ओळ लावून दिली की खेळाडूच्या हातात काही राहत नाही. लढाई आपोआप होते, आपण फक्त पाहायची. दोघेही एकमेकांची रचना न बघता आपली ओळ लावतात. म्हणजे हा बोटांच्या चपळाईचा खेळ नाही, आधी बसून विचार करायचा खेळ आहे. मला तो बाकीच्या गोळीबाराच्या खेळांपेक्षा बरा वाटतो तो याच एका गोष्टीमुळे.

मोठे तिरंदाज की लहान तिरंदाज?

आता फळी बसवू. खालचे आकडे आमच्या वर्गातल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरचे आहेत, नियम मात्र त्या खेळातलेच.

समजा २६ माना मिळाले. म्होरक्या ४ मानाचा आहे आणि त्याचा गुण असा, की आपल्या प्रत्येक तिरंदाजाचा मारा १ ने वाढतो. (मूळ खेळात 'जनरल स्लोन' नावाचा म्होरक्या हेच करतो.) उरले २२. त्यातले ७ माना पुढे उभ्या राहणाऱ्या दणकट योद्ध्यावर घालवू. मुलांनी त्याचं नाव 'बुरूज' ठेवलं आहे. उरले १५.

या १५ मानात दोन पर्याय आहेत. मोठा तिरंदाज ५ मानाचा, मारा ३. लहान तिरंदाज ३ मानाचा, मारा २. मोठे घेतले तर तीनच येतात, एकूण मारा ९. लहान घेतले तर पाच येतात, एकूण मारा १०. फरक फक्त एकाचा. मुलं म्हणतात, "मॅडम, सारखंच आहे की!" आता म्होरक्याचा +१ लावा. मोठे तीन : प्रत्येकी ४, एकूण १२. लहान पाच : प्रत्येकी ३, एकूण १५. एकाचा फरक तिनावर गेला. कारण +१ हा प्रत्येक डोक्यामागे मिळतो, आणि डोकी पाच आहेत. दोनाचे तीन होणं म्हणजे निम्म्याने वाढ. तिनाचे चार होणं म्हणजे एकतृतीयांशाने. शेकडेवारी शिकवायच्या आधी तिची भूक लावायला याहून सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. माणशी दहा रुपये वाढवून दिले तर रोज पन्नास मिळवणाऱ्याला आणि रोज पाचशे मिळवणाऱ्याला ते सारखे वाटतील का, असं विचारलं की कोपऱ्यातलं पोरगंही बोलतं.

पण थांबा, हेच उलटंही होतं. समोरच्याकडे असा योद्धा असू शकतो की तो आपल्या सगळ्या तिरंदाजांचा मारा १ ने कमी करतो. समोरून वारा सुटला की बाण जसा मंदावतो, तसं. मग तीन मोठ्यांचे १२ वरून ९ होतात आणि पाच लहानांचे १५ वरून १०. मोठ्यांचं नुकसान तिनाचं, लहानांचं पाचाचं. डोक्यामागे मिळणारं डोक्यामागेच जातं. तरीही १० हे ९ पेक्षा जास्तच आहेत, म्हणून आपला म्होरक्या +१ देणारा असेल तर लहानांची गर्दी करावी. म्होरक्या तसा नसेल आणि वारा मात्र समोरून असेल, तर काय होईल? मोठे ९ वरून ६, लहान १० वरून ५. आता मोठे बरे. म्हणजे "लहान घ्यावेत की मोठे" याला एकच उत्तर नाही.

दुसऱ्या जागेचं महत्त्व

नवा खेळाडू सगळा विचार पहिल्या जागेचा करतो. जुना खेळाडू दुसऱ्या जागेचा करतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

वरची रचना बघा: एक बुरूज, मागे पाच लहान तिरंदाज. पहिल्या फेरीत १५ चा मारा. आता बुरूज पडला. रांग पुढे सरकली, एक तिरंदाज पहिल्या जागेवर आला, आणि नियमानुसार तो मुका झाला. मारणारे उरले चार, मारा १२. हा पुढे आलेला तिरंदाज अशक्त, तीन-चार जिवाचा. तो एका फटक्यात जातो. मग मारणारे तीन, मारा ९. म्हणजे प्रत्येक पडणाऱ्यामागे दोन माणसं कामातून जातात, एक मेलेला आणि एक पुढे येऊन गप्प झालेला. फळी गडगडते ती अशी. क्रिकेट बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सलामीवीर लवकर गेले आणि तिसऱ्या क्रमांकावर गोलंदाज आला, तर धावफलकाचं काय होतं?

आता एक तिरंदाज काढून त्याच ३ मानात दुसऱ्या जागेवर हातघाईचा एक गडी उभा करा. मारा ३, जीव ६. पहिल्या फेरीत तो काहीच करत नाही, कारण तो पहिला नाही. चार तिरंदाजांचा मारा १२. समोरच्या रचनेच्या १५ पुढे हे कमीच दिसतं. पण बुरूज पडला की तो गडी पुढे येतो आणि मारायला लागतो. तिरंदाज चारही शाबूत. मारा १२ अधिक ३, म्हणजे १५.

एक रचना १५ वरून १२ वर घसरते, दुसरी १२ वरून १५ वर चढते. दोन फेऱ्यांची बेरीज दोन्हीकडे २७. मग फरक कुठे पडला? तिसऱ्या फेरीत. पहिल्या रचनेत पुढे अशक्त तिरंदाज उभा आहे, दुसरीत सहा जिवाचा गडी. हा प्रश्न मी फळ्यावर मांडते आणि उत्तर न सांगता तास संपवते. दुसऱ्या दिवशी येताना पोरं आपसांत भांडत येतात.

दुसऱ्या जागेवर जादूवालाही चालतो, कारण तो पहिल्या जागेवरूनही मारतो. काही तिरंदाजांकडे जवळून मारायचं खास कौशल्य असतं, तेही चालतात. एवढं लक्षात ठेवायचं की दुसरा माणूस पहिला झाल्यावर निकामी होणारा नको.

शेवटच्या जागेचंही तसंच. काही योद्धे गुपचूप मागून येऊन शेवटच्याला मारतात. काही सगळ्यांत कमी जीव असलेल्याला हेरतात. काही नेमबाज तर पहिल्याला सोडून मागच्या तिरंदाजांना आणि जादूवाल्यांनाच टिपतात. म्हणून शेपटीलाही जरा दणकट, चिलखतवाला ठेवायचा. मग तिरंदाज उरतात तीन किंवा चार. "सगळेच तिरंदाज" ही रचना दिसायला भारी, पण ती क्वचितच टिकते.

सोळा वजा चौदा

आता बुरूज किती टिकतो ते पाहू. इथे एक छान नियम आहे. साधा घाव आधी चिलखतावर बसतो, आणि चिलखत संपून वर उरलेला घाव जिवावर जात नाही. तो वाया जातो. चिलखत १ उरलं असेल आणि घाव ४ चा असेल, तर चिलखत शून्य होतं, उरलेले ३ हवेत.

बुरुजाचं चिलखत ५, जीव ९, एकूण १४. समोर तीन मारणारे: एक हातघाईवाला ४ चा, दोन तिरंदाज २-२ चे. एका फेरीत ८, दोन फेऱ्यांत १६. मुलं लगेच सांगतात, सोळा चौदापेक्षा मोठे, म्हणून बुरूज दुसऱ्या फेरीत पडणार.

करून बघू. समजा हातघाईवाल्याचा वेग जास्त आहे, म्हणून तो आधी मारतो. चिलखत ५ चं १ झालं. पहिल्या तिरंदाजाचे २ आले. चिलखत शून्य, एक वाया. दुसऱ्याचे २ थेट जिवाला, जीव ७. दुसऱ्या फेरीत ४ गेले, उरले ३. मग २ गेले, उरला १. शेवटच्या बाणाने बुरूज पडला. मुलं बरोबर होती.

आता फक्त क्रम बदला. तिरंदाज वेगवान, ते आधी मारतात. चिलखत ५ चं ३, मग १. आता हातघाईवाल्याचा ४ चा घाव आला. चिलखत शून्य, तीन वाया! जीव पूर्ण ९. दुसऱ्या फेरीत २, २ आणि ४, म्हणजे ८ गेले. बुरूज १ जिवावर उभा. तेच आकडे, तीच बेरीज, फक्त क्रम वेगळा, आणि निकाल उलटा. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही हे आपण तिसरीपासून शिकवतो, आणि ते खरंच आहे. पण इथे नुसती बेरीज नाही, प्रत्येक पायरीला "शून्याच्या खाली जायचं नाही" अशी एक अट आहे. अट आली की क्रमाला महत्त्व येतं. पाचवीच्या मुलाला हे शब्दांत सांगता येणार नाही कदाचित, पण त्याला ते हाताला कळतं.

नेम चुकला तर?

जादू चुकत नाही. हातघाई आणि बाण चुकू शकतात. समोरच्याचा वेग आपल्यापेक्षा जितक्याने जास्त, तितके दहा-दहा टक्के नेम चुकायची शक्यता. समोरचा उडणारा असेल आणि आपला उडणारा नसेल तर आणखी २५ टक्के.

आपले पाच तिरंदाज, एकूण मारा १५. समोरच्याचा वेग २ ने जास्त म्हणजे २० टक्के चूक. सरासरी मारा १२. तो वर उडणाराही असेल तर ४५ टक्के चूक, सरासरी सव्वाआठ. कागदावरचे १५ प्रत्यक्षात निम्म्याच्या जवळ आले. म्हणून अनुभवी खेळाडू तिरंदाज निवडताना माऱ्याआधी वेग बघतो. मंद तिरंदाज हा फक्त पत्त्यावर बलवान असतो.

"मॅडम, पाचही चुकले तर?" हा प्रश्न येतोच. ४५ टक्के चूक असताना पाचही चुकायची शक्यता दोन टक्क्यांपेक्षाही कमी. आणि पाचही लागायची? साधारण पाच टक्के. म्हणजे सगळं वाईट किंवा सगळं चांगलं क्वचितच होतं, बहुतेकदा मधलं काहीतरी होतं. तीन मोठ्या तिरंदाजांपेक्षा पाच लहान तिरंदाज इथेही बरे, कारण एक नेम चुकला तर तुलनेने थोडंच जातं.

दौलताबाद आणि सावंतवाडी

आपल्या शहरातल्या लेकरांना हे समजावायला मोबाईलची गरजच नाही. सहलीला आपण दौलताबादला नेतोच. तिथे पोरांना विचारा, की आधी काय लागलं? तटबंदी, हत्तीची धडक अडवायला खिळे ठोकलेले दरवाजे, मग खंदक, मग अंधारी. आणि तोफा कुठे? बुरुजांवर, उंचावर. मेंढ्याच्या तोंडाची ती मोठी तोफ पाहायला सगळे धावतात, ती बुरुजावरच आहे. लांब मारणारं मागे आणि वर, अडवणारं पुढे. आणि १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने वेढा दिला तेव्हा देवगिरीचा कडा कोणी फोडला नव्हता. यादवांचं मोठं सैन्य बाहेर गेलेलं होतं, आणि धान्य म्हणून गडावर नेलेल्या पोत्यांत मीठ निघाल्याची गोष्ट तर आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. पुढचा बुरूज भक्कम होता, मागची फळी रिकामी होती. चौथीच्या इतिहासाचा आणि या खेळाचा धागा जोडायचा असेल तर तो इथे जोडावा.

दुसरा धागा सावंतवाडीचा. तिथली दशावतारी गंजिफा म्हणजे गोल, लाखेने रंगवलेले १२० पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते. त्यातली एक गंमत अशी, की निम्म्या रंगांत दहाचा पत्ता वरचढ आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचढ. शिवाय दिवसा खेळताना रामाच्या राजाचा मान पहिला, रात्री कृष्णाच्या. म्हणजे पत्ता तोच, पण त्याची किंमत नियमावर आणि वेळेवर ठरते. मोबाईलमधल्या खेळातही नेमकं हेच आहे. प्रत्येक सामन्याला त्या दिवसाचा नियम वेगळा असतो. कधी हातघाईवाले अजिबात चालत नाहीत; तो दिवस तिरंदाजांचा. कधी पहिल्या जागेवरूनही बाण मारता येतो. कधी नेम चुकतच नाही. मग मंद पण जबर तिरंदाज काढावेत. कधी वेगाचा क्रमच उलटा, मंद असेल तो आधी मारतो. आणि कधी सरळ नियम येतो की आज तिरंदाज बंद! ज्याने फक्त तिरंदाजच जमवले, तो त्या दिवशी हात चोळत बसतो.

आता पैशाचं बोलू

पालकांनी हा भाग जरा नीट वाचावा.

या खेळांत पत्ते पाकिटात बंद असतात. स्प्लिंटरलँड्सच्या पाकिटात पाच पत्ते, त्यातला किमान एक जरा दुर्मिळ. कोणता निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. शिवाय एकाच पत्त्याच्या अनेक प्रती जोडल्या की त्याची पातळी चढते आणि आकडे वाढतात. आता वरचं सगळं गणित आठवा. तिथे आपण धरून चाललो होतो, की दोघांकडचे पत्ते सारख्या ताकदीचे आहेत. समोरच्याने पैसे घालून मारा २ चा ४ करून घेतला असेल, तर आपली सुंदर रचना हरते. मूल हरतं आणि त्याला वाटतं आपलं डोकं कमी पडलं. डोकं कमी पडलेलं नसतं, पाकिटं कमी पडलेली असतात. हा फरक मुलाला सांगणारं घरात कोणीतरी हवं. नाहीतर तो उत्तर शोधायला आईच्या फोनमधल्या यूपीआयकडे जातो.

पाकिटातलं नशीब विकत घेणं हे जुगाराच्या किती जवळ जातं यावर जगभर वाद आहे. बेल्जियममध्ये २०१८ साली अशा पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवलं गेलं. स्प्लिंटरलँड्समध्ये तर पत्ते विकता येतात, भाड्यानेही देता येतात, आणि व्यवहार क्रिप्टोत चालतात. २०२१ मध्ये अशा खेळांतून कमाई होते म्हणून मोठी हवा झाली आणि २०२२ मध्ये भाव कोसळले. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही झाला. तेव्हा "गेम खेळून पैसे मिळतात" असं कोणी मोठं पोरगं सांगत असेल, तर घरच्यांनी खातं कोणाच्या नावावर आहे आणि पैसे कुठून गेले, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. ओरडायचं ते नंतर.

मात्र पाचवीतल्या लेकराच्या डोक्यात जो विचार चाललेला असतो, तो याच्याबरोबर फेकून देऊ नये. शाब्दिक उदाहरण दिसलं की वही बंद करणारा माझ्या वर्गातला एक मुलगा बुरूज किती फेऱ्या टिकेल ते बोटांवर मोजून सांगतो, आणि बरोबर सांगतो. त्याला भागाकार येत नाही असं प्रगतिपुस्तकात लिहायला हात धजावत नाही.

वर्गात कसं घ्यायचं

जुन्या लग्नपत्रिका गोळा करा. आपल्याकडे लग्नसराईनंतर घरटी दहा तरी निघतात. एका पत्रिकेत चार पत्ते होतात. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला पाच आकडे: माना, मारा, वेग, चिलखत, जीव. चित्रं मुलांना काढू द्या. आमच्याकडे बुरूज म्हणून कोणी दौलताबाद काढतं, कोणी बीबी का मकबऱ्याचे मिनार, आणि एकाने आपल्या आजीला काढलं, चिलखत ७!

किंमत ठरवताना मात्र वर्गाने एकत्र बसायचं. मारा ५ आणि माना १ असा पत्ता कोणी बनवला तर सगळे तोच घेतील, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं आणि तीच किंमत वाढवायला लावतात. मी यात बोलत नाही. दोन-तीन दिवसांच्या भांडणानंतर जे दर ठरतात ते बऱ्यापैकी न्याय्य असतात. आणि सगळ्यांचा संच सारखा, शाळेच्या पेटीत. घरी नेता येत नाही, विकता येत नाही, कोणाकडे जास्त प्रती नाहीत.

नेम चुकण्यासाठी डब्यात दहा चिठ्ठ्या. वेगाच्या फरकाइतक्या चिठ्ठ्यांवर फुली. फरक २ असेल तर दोन फुल्या. फुली निघाली की बाण वाया. उडणाऱ्यासाठी २५ टक्क्यांऐवजी मी सरळ दोन फुल्या वाढवते, अडीच चिठ्ठ्या कुठून आणणार? चिठ्ठी काढली की परत डब्यात टाकायची, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. एक तुकडी मुद्दाम परत न टाकता खेळवून बघा. मग शेवटी शेवटी पोरं उरलेल्या चिठ्ठ्या मोजायला लागतात आणि नेम लागणार की नाही ते आधीच ओळखतात. "चिठ्ठी परत टाकली तर काय बदलतं?" हा प्रश्न तेव्हा त्यांच्याच तोंडून येतो.

दोघा-दोघांच्या जोड्या करा. रचना लावताना मधे दप्तर उभं करायचं, म्हणजे समोरच्याचं दिसत नाही. दोघांची ओळ लागली की दप्तर काढायचं आणि मग पत्त्यांना हात लावायचा नाही. प्रत्येक फेरीचा हिशोब वहीत, उभ्या मांडणीत: आधीचं चिलखत, घाव, उरलेलं, आधीचा जीव, घाव, उरलेला. हिशोब चुकला तर ती फेरी समोरच्याची. हा नियम लावल्यापासून शेजारच्याची वही बघून उतरवणं बंद झालं, कारण शेजारचा शत्रू असतो.

पहिल्या आठवड्यात फक्त १५ माना आणि तीन जागा द्या, जादू नको, खास कौशल्यं नकोत. पहिल्या जागेवरून तिरंदाज मारत नाही, एवढा एकच नियम. दुसऱ्या आठवड्यात २६ माना आणि सहा जागा. फेरी पाचनंतर दोन्हीकडच्या प्रत्येकाचा जीव दर फेरीला १ ने कमी करा. मूळ खेळातही लढाई लांबली की थकवा येतो, आपण तो जरा लवकर आणायचा, नाहीतर दोन बुरूज समोरासमोर उभे राहतात आणि तास संपल्याची घंटा होते.